आत दोघं, बाहेर कुणीच नाही

वहिनींना नावानं हाक मारणारं पाणीपुरवठा खात्यात कुणी उरलंच नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी त्या कामाला लागल्या तेव्हा तिथली सगळी माणसं त्यांच्या नवऱ्याच्या सोबतीची होती, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी झाल्या. पुढे ती माणसं एकेक करून निवृत्त झाली, वयानं मुलासारखी नवी पोरं आली, आणि त्यांनीही तेच नातं पुढे चालवलं. नक्की कुणाच्या वहिनी, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

शहराला पाणी पाजणारा तो जलाशय शहरापासून तासाभरावर होता. एका बाजूला लांबलचक दगडी बांध, उरलेल्या बाजूंना राखीव जंगल. पाणी स्वच्छ राहावं म्हणून तिथं कुणाला घर बांधू देत नसत, गुरं चारू देत नसत. माणूसच फिरकेना म्हटल्यावर पाखरांनी आपलं बस्तान बसवलं, आणि मग ती पाखरं बघायला पुन्हा माणसंच यायला लागली. खात्यानं पाण्याच्या कडेनं पायवाट काढली, बाकं टाकली, आडोशाला बसून पक्षी बघायला तीन लाकडी खोपटं उभारली आणि एक फाटक बसवलं. त्या फाटकाच्या चौकीत वहिनी बसत.

चौकी म्हणजे चार पावलांची खोली. एक खिडकी, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं टेबल, विजेची किटली, छत्री, बॅटरी, शिट्टी. सकाळी सात वाजता वहिनी बांधाच्या पायऱ्या उतरून पाण्यातल्या पट्टीवरची पातळी वाचायच्या आणि तो आकडा फोनवरून कचेरीत कळवायच्या. मग दिवसभर फाटक. आत किती गेले, बाहेर किती आले, हे वहीत लिहायचं. खात्याचा नियम एवढाच होता. पण दोन्ही आकडे जुळल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, हा नियम वहिनींचा स्वतःचा.

एकदा एक जोडपं कुंपणाच्या भगदाडातून परस्पर निघून गेलं आणि वहिनी दोन तास खोपटं न् खोपटं धुंडाळत फिरल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः तार आणून त्यांनी ते भगदाड शिवून टाकलं.

"वहिनी, माणसं आहेत ती, मेंढरं नव्हेत," पंपावरचे आप्पा म्हणाले.

"मेंढरं परवडली. ती संध्याकाळ झाली की आपणहून परत येतात."

आप्पा हसले, पण चेष्टा त्यांनी तिथंच सोडली. वहिनींना हे मोजायचं वेड कुठून लागलं, ते त्यांना ठाऊक होतं.

बांधापासून थोड्या अंतरावर पाण्यात विहिरीसारखी गोल इमारत उभी होती. तिला जॅकवेल म्हणत. शहराचं सगळं पाणी तिच्या झडपांमधून आत शिरायचं आणि पंपानं पुढे जायचं. झडपांसमोर लोखंडी जाळी होती, आणि त्या जाळीला अडकलेला पालापाचोळा होडीत बसून ओढून काढणं हे वहिनींच्या नवऱ्याचं काम. एका दुपारी तो होडीतून पडला. कमरेला दोर बांधला नव्हता, असं कागदावर आलं. दोर कधी दिलाच नव्हता, असं आप्पा म्हणाले, पण अगदी हळू आवाजात.

तीन दिवस तो सापडला नाही. तीन दिवस पंप एक मिनिटही थांबले नाहीत. वहिनी तेव्हा शहरात, खात्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या. घर माणसांनी भरलेलं. नणंद नळाचं पाणी भरत होती, आल्या-गेल्यासाठी चहा टाकत होती. कपभर घे, अंगात बळ राहील, म्हणत तिनं वहिनींनाही पाजला. चौथ्या दिवशी बातमी आली की तो जॅकवेलच्या जाळीला लागलेला मिळाला. ते ऐकलं आणि वहिनी मोरीकडे धावल्या. लोकांना वाटलं, दुःखानं पोटात कालवलं असेल. दुःख होतंच. पण उलटी कशाची झाली, हे वहिनींनी कुणालाही सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी त्या वेळचे साहेब कागद घेऊन आले. नवऱ्याच्या जागेवर नोकरी. पदरी चार वर्षांचा मुलगा. वहिनींनी सही केली आणि तोंड मिटलं, ते मिटलंच.

काका-काकू हे म्हातारं जोडपं जलाशयावर यायला लागलं त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं होतं. काका घड्याळजी. बाजारातल्या एका अरुंद दुकानात चाळीस वर्षं भिंग लावून बसल्यामुळे त्यांचा डावा डोळा कायमचा बारीक झाला होता. पहिल्याच दिवशी चौकीतलं घड्याळ बघून ते म्हणाले, "हे चार मिनिटं मागे आहे." आणि खिशातून सुईएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढून उभ्या उभ्या दुरुस्त करून दिलं.

काकू विसरत चालल्या होत्या. आधी भांडी भलत्याच फडताळात जायला लागली, मग शेजाऱ्यांची नावं गेली, मग परदेशातल्या लेकीचं, आणि शेवटी नवऱ्याचं. घरी त्या दिवसभर दाराची कडी खडखडवत बसायच्या. पण पाण्यासमोर नेलं की शांत व्हायच्या. हे लक्षात आल्यापासून काका दर गुरुवारी दोन बस बदलून त्यांना घेऊन यायचे. काठच्या पाण्यात उगवलेल्या पाणकणसाच्या उंच गवताच्या बेटाजवळ तिसरं बाक होतं, तिथं दोघं साडेपाचपर्यंत बसायची.

एकदा काका वहीत सही करत असताना काकू वहिनींच्या कानाशी वाकल्या. "हे गृहस्थ कोण हो? स्वभावानं फार चांगले आहेत. पण यांच्या घरी कुणी वाट बघत नसेल का?"

"तुमचेच आहेत ते, काकू."

"इश्श!" म्हणत काकूंनी तोंडाला पदर लावला.

काकांनी ऐकलं होतं. "बघा वहिनी, पन्नास वर्षांनी पुन्हा मागणी घालायची पाळी आली." मग काकूंपुढे हात धरून म्हणाले, "चला, राणीसरकार."

वहिनी त्या दोघांकडे पाठमोरं बघत राहायच्या. आपला संसार पाच वर्षांचा. हे असं म्हातारपण आपल्याला कसलं मिळतंय, असं त्यांच्या मनात यायचं, आणि मग किटलीकडे वळायच्या.

त्या गुरुवारी वारा होता आणि पातळी बरीच खाली गेली होती. दिवसभरात अकराच माणसं आत गेली. सहा वाजता वहिनींनी वही पुढे ओढली. आत अकरा, बाहेर नऊ. काका वेळेचे इतके पक्के, की त्यांना उशीर होणं शक्यच नव्हतं. शिट्टी गळ्यात अडकवून त्या पायवाटेनं निघाल्या.

तिसऱ्या बाकावर काकू एकट्याच बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, शेजारी थर्मास. एक पाय उघडा.

"काकू, काका कुठायत?"

"कोण काका?"

"तुमच्याबरोबर आले ते."

"ते होय," काकूंचा चेहरा उजळला. "माझी चप्पल पडली खाली. आणतो म्हणाले. भला माणूस आहे हो. मी म्हटलं, राहू द्या. ऐकेनात."

"कधी गेले?"

काकूंनी पाण्याकडे बघितलं आणि त्या प्रश्नच विसरल्या.

वहिनी काठाशी गेल्या. पायवाटेच्या खाली दगड बसवलेला उतार होता. पाणी ओसरल्यामुळे त्याचा खालचा पट्टा उघडा पडून त्यावर हिरवंगार बुळबुळीत शेवाळ चढलं होतं. वरच्या दगडावर काकांची काठी नीट आडवी ठेवलेली होती. तिच्या खाली शेवाळात पुरुषभर लांबीचा एक ओरखडा, वरून खाली, थेट पाण्यापर्यंत. पलीकडे चप्पल तरंगत होती, आता हात पोचणार नाही इतकी लांब गेलेली.

वहिनींनी हाका मारल्या. शिट्टी फुंकली. पाणकणसातून दोन पाणकोंबड्या फडफडत उठल्या, बाकी काही नाही.

आणि तेव्हा त्यांना आठवलं. साडेचारच्या सुमाराला याच बाजूनं दोनदा आवाज आला होता. घोगरा, तुटका. राखी बगळा घार मागे लागली की असाच ओरडतो. बावीस वर्षं ऐकलेला आवाज. वहिनींनी मान वर केली होती, क्षणभर कान दिला होता, आणि कपात पाणी ओतलं होतं.

त्या तिथं उभ्या राहिल्या, पण उभं राहून चालणार नव्हतं. काकूंचा हात धरून त्यांनी त्यांना चौकीत आणलं, स्वतःच्या चपला त्यांच्या पायात घातल्या आणि फोन फिरवले. आधी अग्निशमन, मग पोलीस, मग साहेब.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बुडाले हे कशावरून? कुणी बघितलं का?"

"काठी आहे, साहेब. घसरल्याची खूण आहे. दीड तास होऊन गेला. पंप बंद करायला सांगा."

"पंप कशाला?"

"बेटापासून जॅकवेल दोनशे पावलांवर आहे. पंप चालू राहिले तर ते ओढले जातील. जाळीला लागतील."

"वहिनी, संध्याकाळचा पुरवठा चालू आहे. अर्ध्या शहराची टाकी भरतेय. त्यात दोन रुग्णालयं आहेत. सकाळी पाणबुडे येतील, तेव्हा बघू. आणि पाणी काय, पुढे शुद्ध होतंच."

त्यांचंही खोटं नव्हतं. पाणी शुद्ध होत होतं. बावीस वर्षांपूर्वीही होत होतं.

वहिनींनी फोन ठेवला. काकूंना एकटं सोडून जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांना घेऊनच त्या निघाल्या. बांधावरून जॅकवेलकडे जाणाऱ्या अरुंद पुलावर दोन बायका हातात हात घालून चालल्या होत्या, एक अनवाणी आणि एक सैल चपला फरफटवत. मध्येच काकू थांबून म्हणाल्या, "किती छान वारा सुटलाय नाही?" वहिनी हो म्हणाल्या.

जॅकवेलवरच्या पंपघरात कानठळ्या बसवणारा आवाज. आप्पा खुर्चीतून उठले. त्यांच्या नोकरीचे दोनच महिने उरले होते. वहिनींनी ओरडून सांगितलं तसं त्यांचं तोंड उतरलं.

"वहिनी, लेखी हुकूम लागतो."

"मी लिहिते."

"तुम्ही फाटकावरच्या. तुमच्या लिहिण्यानं काय होतंय?"

"तुमच्यावर काही येणार नाही, एवढं होईल."

आप्पांनी काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीवरचे हलते काटे कौतुकानं बघत होत्या. "या बाई कोण?" आप्पांनी विचारलं.

"त्यांच्या मिसेस."

आप्पांनी एकापाठोपाठ एक बटणं दाबली. पंप घरघरत मंदावले, आणि वहिनींनी बावीस वर्षांत न ऐकलेली शांतता त्या खोलीत उतरली. मग आप्पा झडपेच्या चाकापाशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "त्या वेळी पाळीवर मीच होतो, वहिनी. तेव्हाही साहेब मला पंप थांबवू नको म्हणाले होते. आणि मी ऐकलं."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या.

चाक जड होतं. दोघांनी मिळून फिरवलं. मग वहिनींनी पंपघराची नोंदवही उघडून लिहिलं: सायंकाळी सहा पन्नास. पाण्यात माणूस आहे. पंप थांबवून झडप बंद केली. जबाबदारी माझी. खाली सही केली.

लोक आले, होड्या उतरल्या, अंधार पडला तसा शोध थांबला. शेजारीण येऊन काकूंना घेऊन गेली. सकाळी नऊच्या सुमाराला काका सापडले. पाणकणसाच्या बेटातच, घसरले तिथून वीसेक फुटांवर. त्यांच्या दोन्ही मुठींत पाणकणसाची पानं होती, मुळासकट उपटलेली. एका पाणबुड्यानं ती सोडवायचा प्रयत्न केला, मग तशीच राहू दिली.

दुपारपर्यंत अर्धं शहर कोरडं होतं. वर्तमानपत्रात आलं ते त्याबद्दलच. काकांवर दोन ओळी होत्या, त्यातही वय चुकलेलं.

मुलाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला होता, दर रविवारी फोन करायचा. हा वार रविवार नव्हता. "आई, तू कशाला मध्ये पडलीस? साहेब नको म्हणाले होते ना? दोन-तीन वर्षं राहिलीत, गप बसायचं."

"गप बसले होते की एकदा," वहिनी म्हणाल्या. आणि मग इतक्या वर्षांत नणंदेलाही न सांगितलेलं सगळं त्यांनी मुलाला सांगितलं. ते तीन दिवस, नळाचं पाणी, तो चहा.

मग त्यानं विचारलं, "मीही प्यायलो होतो?"

"हो."

त्यानं फोन ठेवला.

चौकशी झाली. लांब टेबल, पलीकडे तिघं. साहेबांनी एक यादी वाचून दाखवली: किती रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले, किती शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, कुठल्या इमारतीत आग विझवायला पाणी कमी पडलं. कुणी दगावलं नव्हतं. पण दगावू शकलं असतं, आणि वहिनी त्यातली एकेक ओळ मान खाली घालून ऐकत होत्या.

"मेलेल्या माणसासाठी तुम्ही जिवंत माणसांचं पाणी तोडलंत," मधले गृहस्थ म्हणाले. "बरोबर?"

वहिनींना खूप काही सांगायचं होतं. टेबलावर मांडता येईल असं त्यातलं काहीच नव्हतं.

"हो साहेब," त्या म्हणाल्या.

नवव्या दिवशी काकांची लेक आली. चाळिशीची, केस अर्धे पांढरे, डोळा बापासारखाच थोडा बारीक. तिला ती जागा बघायची होती. वहिनींनी चौकीला कुलूप घातलं आणि तिच्याबरोबर निघाल्या. वाटेत ती एकेक गोष्ट विचारत होती. बाबा इथं काय करायचे? काय खायचे? आईशी बोलायचे का? वहिनी सांगत होत्या. काका एकदा खंड्याला बघून म्हणाले होते, याची स्प्रिंग फार कडक बसवलीय. लेक हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

तिसऱ्या बाकाशी ती उभी राहिली. खात्यानं तिथं आता दोर बांधून लाल फडकं लावलं होतं. दगड बघितले, शेवाळ बघितलं. बेटाकडे बघत ती म्हणाली, "ते ओरडले असतील ना?"

चौकशीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. वारा उलटा होता, चौकी लांब आहे, पाण्यात पडल्यावर माणसाला आवाज फुटत नाही. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि या पोरीला तेवढंच हवं होतं.

"ओरडले," वहिनी म्हणाल्या. "मी ऐकलं. मला वाटलं, बगळा आहे."

लेक त्यांच्याकडे वळली. "किती वेळा?"

"दोनदा."

पाण्यावरून एक पाणकावळा खालून उडत गेला. लेक बाकावर बसली. वहिनी उभ्याच राहिल्या. बसावं की जावं, त्यांना कळेना.

"एकदाच ओरडले असते तर..." लेक म्हणाली, आणि पुढचं तिनं गिळलं. थोड्या वेळानं म्हणाली, "हे तुम्ही मला का सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत."

"तुम्हाला हलकं वाटावं म्हणून सांगितलंत."

वहिनींनी स्वतःच्या मनात डोकावून पाहिलं. "असेल," त्या म्हणाल्या. "पण वाटलं नाही."

लेक उठली आणि एकटीच फाटकाकडे चालायला लागली. वहिनी मागून, बरंच अंतर ठेवून. फाटकाशी गाडी उभी होती. लेक आत बसली. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी वहिनी तिथंच उभ्या होत्या.

पुढच्या महिन्यात बदलीचा कागद आला. शहरातल्या कचेरीत, तळमजल्यावर, तक्रारींच्या खिडकीवर. आप्पांना ठपक्याचं पत्र मिळालं आणि त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कुणी हारही आणला नाही. वहिनी तेवढ्या गेल्या होत्या. दोघं पंपघराबाहेरच्या कठड्यावर अर्धा तास बसली, हवापाण्याच्या गोष्टी बोलली आणि उठली.

तक्रारींच्या खिडकीवर दिवसभर रांग असायची. नळाला गढूळ पाणी येतंय, चार दिवस येतच नाहीये, वरच्या मजल्यावर चढत नाही. लोक भांडत, वहिनी लिहून घेत. दुसऱ्या हिवाळ्यात एके दिवशी टपालात त्यांच्या नावाचं पाकीट आलं. परदेशी तिकीट, आत एकच कागद. काकू गेल्या. झोपेत गेल्या. एवढंच. खाली लेकीची सही होती, पत्ता नव्हता.

वहिनींनी ते दोनदा वाचलं. खिडकीच्या पलीकडून एक बाई काचेवर नखानं टकटक करत होती.

वहिनींनी कागद खणात ठेवला आणि पेन उचललं. "बोला. कुठल्या भागातून आलात?"